धोब्याची दोन गावे : लहान मुलांना पक्ष्यांचे स्थलांतर समजावताना

सप्टेंबर संपत आला आणि पावसाचा जोर ओसरला, की आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीखालच्या ओल्या फरशीवर एक सडपातळ पक्षी दिसू लागतो. त्याची पाठ राखाडी, पोट पिवळसर आणि शेपटी अंगाच्या मानाने फार लांब असते. ती शेपटी तो सारखी खालीवर आपटत राहतो, नदीकाठी कोणी धुणे आपटावे तशी. म्हणून त्याला धोबी म्हणतात, काही भागांत परीट. आमच्याकडे येतो तो करडा धोबी. दुसरीतल्या एका मुलीने त्याच्याकडे पाहत मला विचारले होते, "बाई, हा मे महिन्यात कुठे होता?" लहान मुलांना स्थलांतर समजावण्याची सुरुवात याच प्रश्नापासून करावी, असे माझे वर्गात शिकवता शिकवता झालेले मत आहे. 'स्थलांतर' हा शब्द त्या दिवशी उच्चारण्याचीही गरज नाही.

आपण मोठी माणसे बहुधा उलट बाजूने सुरू करतो. जगाचा नकाशा भिंतीवर लावतो, त्यावर लाल बाण काढतो आणि अलास्काहून निघालेल्या गॉडविट पक्ष्याची गोष्ट सांगतो. गोष्ट खरीच थक्क करणारी आहे : 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटर, अकरा दिवस, कुठेही न उतरता उडत गेले, आणि हे त्याच्या पाठीवरच्या यंत्रामुळे कळले. परंतु सहा वर्षांच्या मुलाला अलास्का आणि चंद्र सारखेच लांब. ते 'बापरे' म्हणते आणि डबा खायला निघून जाते. हीच गोष्ट धोब्याशी दोन महिने ओळख झाल्यावर सांगितली, तर ते विचारते, "मग त्याने झोपायचे कधी?" हा फरक पडण्यासाठी आधी एक पक्षी त्याच्या ओळखीचा व्हावा लागतो.

तो पक्षी कोणता, हे तुम्ही राहता त्या जागेवर ठरेल. शहरात इमारतीची गच्ची, बाग किंवा नाल्याचा काठ असेल तर धोबी पुरेसा आहे. ज्वारीच्या पट्ट्यात राहत असाल तर भोरड्या घ्याव्यात. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून मध्य आशियातून येणारे त्यांचे थवेच्या थवे शेतावर उतरतात, शेतकरी गोफण घेऊन माचाणावर उभा राहतो, आणि फाल्गुनात पळस-सावर फुलली की याच भोरड्या फुलांतला मध पिताना दिसतात, म्हणून त्यांचे दुसरे नाव पळसमैना. ठाणे, ऐरोली, शिवडीच्या मुलांना खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आहेत. नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर आहे, पैठण-संभाजीनगरकडच्यांना जायकवाडी. मात्र पक्षी निवडताना एक खबरदारी घ्यावी. नदीच्या खडकांवर दिसणारा, डोके व गळा काळा आणि भुवई ठळक पांढरी असलेला मोठा धोबी आपल्याकडे बाराही महिने राहतो. मी पहिल्या वर्षी त्यालाच दाखवून "हा हिमालयापलीकडून आला" असे ठणकावून सांगितले होते, आणि मे महिन्यात एका मुलाने तो नदीवर पिल्लांना भरवताना पाहून मला अतिशय नम्रपणे कळवले होते.

ओळख म्हणजे नाव सांगणे नव्हे. पहिले दोन आठवडे मुलांनी नुसते पाहावे : तो चालतो की उड्या मारतो, काय टिपतो, ओरडतो कसा, जवळ गेले तर किती पावलांवर उडतो. यानंतर एक सोपा प्रयोग करावा. दहा रुपयांची तीन नाणी मुलाच्या तळहातावर ठेवावीत. त्यांचे वजन साधारण 23 ग्रॅम भरते, आणि धोबी त्याहून जड नसतो. करडा धोबी तर थोडा हलकाच. "एवढ्या वजनाचा पक्षी डोंगर ओलांडून आला," हे वाक्य नाणी हातात असताना बोलावे. माझ्या वर्गातली मुले हात वरखाली करून ते वजन जोखत राहतात आणि वर्ग काही क्षण शांत होतो.

आता कारण. 'तिकडे थंडी पडते म्हणून पक्षी इकडे येतात' हे वाक्य आपण सगळेच बोलतो, आणि ते अर्धेच खरे आहे. पिसांचा कोट अंगावर असलेल्या पक्ष्याला नुसत्या थंडीची फारशी भीती नसते; त्याची अडचण पोटाची असते. तळी गोठली, जमिनीवर बर्फ पडला, किडे नाहीसे झाले, म्हणजे खाणे बंद झाले. ज्या पक्ष्यांना बर्फातही बिया, फळे किंवा शिकार मिळते, त्यांच्यातले कितीतरी तिथेच राहतात. म्हणून मुलांना सांगताना थंडीऐवजी भुकेपासून निघावे. बर्फाच्या तुकड्यांचा ट्रे घेऊन, पाणी भरताना त्यात चार तांदळाचे दाणे गोठवून ठेवावेत आणि मुलांना चिमट्याने ते काढायला सांगावेत. चिमटा ही चोच. दोन मिनिटांत कोणीतरी कंटाळून म्हणतेच, "दुसरीकडे शोधू या." धोब्यानेही तेच केले, एवढे सांगितले की पुरे.

येथे उपमेचा प्रश्न येतो. 'आपण सुट्टीत मामाच्या गावाला जातो ना, तसे' ही उपमा जिभेवर अगदी तयार असते, पण ती टाळावी. मामाकडे आपण मजेसाठी जातो, नाही गेलो तरी उपाशी राहत नाही. त्यापेक्षा धनगरांचे उदाहरण नेमके आहे. देशावरचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास मेंढरे, घोडी, कोंबड्या आणि लेकरेबाळे घेऊन घाट उतरतात, चाऱ्याच्या शोधात कोकणापर्यंत जातात, भातकापणी झालेल्या शेतात खतासाठी मेंढरे बसवतात, आणि कोकणातला मुसळधार पाऊस मेंढरांना सोसणार नाही म्हणून तो सुरू होण्याआधी पुन्हा वर चढतात. ठरलेला काळ, ठरलेली वाट, चाऱ्यासाठी जाणे आणि परत येणे, पिल्लांनी मोठ्यांबरोबर चालत वाट शिकणे, हे सारे त्यात आहे. ऊसतोडीचे उदाहरणही मुलांना जवळचे वाटेल. मात्र वर्गात अशा घरचे मूल असेल, तर आपण त्याच्या घराचा 'दाखला' करू नये. त्याला आपणहून सांगावेसे वाटले तर त्याच्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही, कारण दोन गावे असणे म्हणजे काय, हे त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असते.

यापुढचा प्रश्न हुशार मुले विचारतात आणि मोठी माणसे गडबडतात : इथे खायला मिळते, ऊनही आहे, मग पक्षी परत जातातच कशाला? याचे उत्तर सूर्यात आहे. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो, अगदी उत्तरेला तर सूर्य काही आठवडे मावळतच नाही, आणि बर्फ वितळल्यावर किड्यांचा नुसता सुकाळ होतो. पिल्ले सतत चोच उघडून बसलेली असतात. त्यांना भरवायला जितके जास्त तास उजेड मिळेल तितके बरे. आपल्याकडे त्याच काळात तळी आटलेली असतात आणि असलेल्या अन्नावर इथल्या पक्ष्यांचाही हक्क असतो. "तिकडे बाळंतपण, इकडे पोट भरणे," असे माझ्या एका सहकारी बाई एका वाक्यात सांगतात, आणि मुलांना ते चटकन कळते, कारण बाळंतपणाला माहेरी गेलेली मावशी किंवा काकू प्रत्येकाच्या घरी असते.

म्हणूनच 'पाहुणे पक्षी' हा वर्तमानपत्रांचा लाडका शब्द मी वर्गात वापरत नाही. पाहुणा म्हटला की मुलांच्या मनात दोन गोष्टी उभ्या राहतात. एक, त्याचे खरे घर दुसरीकडे आहे आणि तो इथे चार दिवसांचा आहे. प्रत्यक्षात धोबी सप्टेंबरपासून साधारण एप्रिलपर्यंत, म्हणजे वर्षातला निम्म्याहून अधिक काळ, इथेच असतो. दुसरी, पाहुण्याला खाऊ घालायचे असते. मुंबईच्या बोटींवरून कुरव पक्ष्यांना शेव आणि वेफर्स फेकले जातात, ते याच आतिथ्याच्या कल्पनेतून, आणि तळलेले खारट पदार्थ त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे. 'दोन गावांचा पक्षी' हा शब्द मला अधिक खरा वाटतो. मुंबईतल्या एका घरासमोरच्या छोट्याशा हिरवळीवर पायात कडी घातलेला एक करडा धोबी लागोपाठ काही हिवाळे परत आल्याची नोंद पक्षी-अभ्यासकांनी केलेली आहे. एवढ्या मोठ्या देशातली नेमकी तीच हिरवळ! पाहुण्याला पत्ता विचारावा लागतो, याला लागला नाही.

कडीचा विषय निघालाच आहे तर तो येथेच सांगून टाकावा. तोच पक्षी परत आला हे कळते कसे? बाळाच्या पायात वाळे घालावे तशी अगदी हलकी, क्रमांक कोरलेली कडी पक्ष्याच्या पायात घालतात. ही पद्धत शिस्तीने सुरू करण्याचे श्रेय मॉर्टेन्सन या डेन्मार्कमधल्या शिक्षकाला दिले जाते. त्याने 1899 मध्ये मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांना कड्या घातल्या. तो शाळामास्तर होता, हे मी दर वर्षी थोड्या अभिमानाने सांगते. आपल्याकडे हे काम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने अनेक दशके केले आहे.

निघायची वेळ झाली हे पक्ष्याला कसे समजते, हे सांगायला मराठी मुलांना संक्रांतीसारखा सण नाही. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो, हे आजी सांगतेच. पक्ष्याचे शरीर तो तीळ मोजते. दिवसाची लांबी बदलू लागली की त्याची भूक वाढते, अंगावर चरबी साठते, आणि पिंजऱ्यात ठेवलेले स्थलांतरी पक्षीसुद्धा त्या दिवसांत रात्री अस्वस्थ होऊन फडफडू लागतात. वर्गात यासाठी खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा कवडसा वापरावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर सोमवारी एका ठरलेल्या वेळी तो भिंतीवर किंवा फरशीवर जिथे पडतो तिथे खडूने खूण करावी. खुणा सरकताना दिसल्या की मुले स्वतःच म्हणतात, "बाई, धोब्याला पण हे दिसत असणार."

वाट कशी सापडते, हा भाग सात-आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी ठेवावा. सूर्य, तारे, नद्या, डोंगररांगा, किनारे या सगळ्यांचा पक्षी उपयोग करतात, आणि त्यांना पृथ्वीचे चुंबकत्वही जाणवते. शिवणाची सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासावी, थर्माकोलच्या चकतीवर ठेवून पाण्याच्या वाडग्यात सोडावी. ती हळूहळू फिरून उत्तर-दक्षिण स्थिर होते. पक्ष्याच्या अंगात अशी सुई नेमकी कशी काम करते, हे शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत, आणि हे मुलांना स्पष्ट सांगावे. 'अजून कोणालाच पूर्ण माहीत नाही' या वाक्याने मुलांचे डोळे जसे चमकतात तसे कोणत्याही उत्तराने चमकत नाहीत.

हंस आणि क्रौंच यांची पिल्ले पहिल्या प्रवासाला आईबापांबरोबर निघतात. पट्टकदंब हा राजहंसाच्या जातीचा पक्षी मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून उजनीच्या जलाशयापर्यंत येतो. त्याची 7,000 मीटरहून अधिक उंचीवरची उड्डाणे नोंदली गेली आहेत. मंगोलिया ते उजनी म्हणजे सुमारे 4,000 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून नागपूरला जवळजवळ सहा वेळा जाण्याइतके अंतर. असे पक्षी उलट्या व्ही अक्षरासारखी रांग करतात, कारण पुढच्याच्या पंखांच्या टोकांशी वर उसळणारी हवा मागच्याला उचलून धरते आणि पुढचा दमला की जागा बदलता येते. हा मैदानावर खेळायचा खेळ आहे; वाऱ्याच्या दिवशी मुलांनी हात पसरून तशी रांग करावी आणि दर फेरीला पुढारी बदलावा. पुढारी व्हायला सुरुवातीला भांडणे होतात, तिसऱ्या फेरीनंतर कोणी पुढे यायला तयार नसते, आणि मग समजावण्यासारखे काही उरत नाही.

गोष्टी हव्यातच, पण खऱ्या आणि कल्पित यांतली रेघ पुसू नये. चातक फक्त पावसाचे थेंब पितो, ही गोष्ट मी आधी रंगवून सांगते. मग सांगते, की तो इतर पक्ष्यांसारखाच पाणी पितो. मात्र आफ्रिकेकडून पावसाळी वाऱ्यांच्या सोबतीने जूनच्या सुमारास येतो, म्हणून पाऊस आणि चातक ही जोडी लोकांनी बरोबर ओळखली होती. चातक सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, त्यामुळे त्याच्या पिल्लाला वाट दाखवणारे कोणी नसते, आणि तरी ते जाते. हंसाच्या गोष्टीनंतर ही सांगितली की मुले चक्रावतात. चातक आणि पावसाळ्याच्या तोंडावर दक्षिणेकडून येणारा नवरंग यांच्यामुळे आणखी एक समज सुटतो : सगळे पक्षी हिवाळ्यातच येतात आणि परदेशातूनच येतात, असे नाही.

दुसरी गोष्ट युरोपातली. पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपतात, असे तिथले लोक शेकडो वर्षे मानत होते. 1822 मध्ये जर्मनीतल्या क्ल्युट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा सापडला, त्याच्या मानेत आफ्रिकेतला हातभर लांब लाकडी बाण आरपार रुतलेला होता. म्हणजे तो बाण घेऊन तेवढे अंतर उडत आला होता. तो करकोचा पेंढा भरून रोस्टॉकच्या विद्यापीठात आजही जपून ठेवलेला आहे. 'सापडला' म्हणजे शिकाऱ्याने मारला, हे मोठ्या मुलांना सांगावे. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी बाणापाशी थांबले तरी चालते.

सहलीविषयी थोडे. एका जानेवारीत मी तिसरीच्या मुलांना उजनीच्या काठावरच्या भिगवणला नेले आणि पोहोचायला अकरा वाजले. ऊन चढलेले, पाणी लकाकणारे, रोहित दूरवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे, आणि बत्तीस मुलांत दुर्बिणी दोन. परतीच्या गाडीत मी आवडलेली गोष्ट विचारली, तेव्हा बहुतेकांनी नाव चालवणाऱ्या काकांचे आणि तळलेल्या माशांचे कौतुक केले. त्यानंतर मी तीन नियम पाळते : सूर्योदयाच्या सुमारास काठावर हजर राहायचे, एका खेपेला दहा-बाराच मुले न्यायची, आणि घरून ठरवलेला एकच पक्षी शोधायचा, बाकीचे दिसले तर दिसले. उजनीचे पाणी ओसरून उथळ झाल्यावरच रोहित तिथे जमतात, तेव्हा जाण्याआधी स्थानिक नावाड्याला पाण्याची स्थिती विचारावी. सहल शक्य नसेल तर पक्षी सप्ताह हे चांगले निमित्त आहे. मारुती चितमपल्ली यांच्या 5 नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या 12 नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत तो राज्यात पाळला जातो, आणि नेमके तेव्हाच बहुतेक हिवाळी पक्षी येऊन स्थिरावलेले असतात.

वाटेत पक्षी मरतात का, हे कोणीतरी विचारणारच. मरतात. वादळ, भूक, शिकारी, दिव्यांचा झगमगाट आणि विजेच्या तारा यांत पुष्कळ जातात, आणि हे लपवू नये. मी त्याला जोडून नागालँडमधल्या पांगती गावाची गोष्ट सांगते. अमूर ससाणा हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी रशियाच्या पूर्व भागातून आणि चीनमधून निघून दोयांग जलाशयावर लाखोंनी उतरतो, आणि तिथून भारत व अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेकडे जातो. 2012 मध्ये तिथे जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले गेल्याचे उघड झाले. गावकऱ्यांशी बोलणी झाली, गावांनी स्वतः बंदी घातली, आणि पुढच्याच हंगामात जाळी लागली नाहीत. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली, त्यांची नावे नागा, वोखा आणि पांगती. मुले ही नावे वर्षानुवर्षे विसरत नाहीत. आमच्या शाळेतल्या एका मांजरीचे नाव अजूनही वोखा आहे.

शेवटचे साधन अगदी साधे आहे : भिंतीवरची दिनदर्शिका. धोबी पहिल्यांदा दिसला त्या तारखेला ज्याने पाहिले त्याने शाईने लहानशी शेपटी काढायची आणि आपले नाव लिहायचे. वर्ष संपले की ते पान फाडून जपून ठेवावे आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये नव्या पानाशेजारी लावावे. दोन तारखांत चार-सहा दिवसांचाच फरक दिसतो, तेव्हा मुले आपण होऊन 'परत आला' म्हणतात. 'स्थलांतर' हा शब्द फळ्यावर लिहिण्याचा दिवस तो. जाण्याची तारीख मात्र अवघड असते, कारण कोणताही पक्षी निरोप घेऊन जात नाही. मार्च उजाडला की मुलांनी धोबी दिसेल त्या प्रत्येक दिवशी पेन्सिलीने खूण करावी आणि आदली खूण खोडून टाकावी. एप्रिलमध्ये केव्हातरी खोडरबर लागेनासे होते.